कमी गर्दीचा विषय

सेटमध्ये मी दोनदा नापास झाले होते. कॉलेजात कायमची नोकरी हवी तर ही पात्रता परीक्षा काढावी लागते. ती निघत नव्हती म्हणून सांगलीत मी तासांवर शिकवत होते. एमएस्सीला माझा विषय वनस्पतिशास्त्र, पण सेटला तो लाइफ सायन्समध्ये मोडतो. तिथे प्राणिशास्त्रवाले, सूक्ष्मजीववाले, सगळ्यांची जत्रा.

तिसऱ्यांदा फॉर्म निघाले तेव्हा माझ्या खोलीतली मैत्रीण म्हणाली, "पर्यावरण घे. गर्दी कमी, अभ्यास निम्मा." ती स्वतः पहिल्या झटक्यात त्यातूनच पास झाली होती. पर्यावरणातून पास झाले असते तर वनस्पतिशास्त्राच्या जागेसाठी माझा अर्ज कुणी बघितला नसता. आमच्या माळावरचं कुसळी, पवन्या, मारवेल हे गवत मी लहानपणापासून चिकटवहीत लावत आले, ते शिकवायचं म्हणून तर एवढा खटाटोप. पण मी थकले होते. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

फॉर्मला जातीच्या दाखल्याचा नंबर हवा होता आणि दाखला गावी, माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या पेटीत. फोनवर विचारला असता तर त्यांनी चष्मा न लावता भलताच नंबर वाचला असता. म्हणून रविवारी गेले. वडूजजवळ आमचं गाव.

आबा सैन्यात कुक होते. गावाला ठाऊक होतं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. तरी निवृत्त झाल्यापासून ते चुलीकडे फिरकले नाहीत. आई तापाने पडली तरी जेवण काकूकडून यायचं. मला वाटायचं, हा फौजी तोरा, आणि रागही यायचा. गाड्यांचं मात्र वेड. चढावर एसटीने कुठला गिअर टाकला ते घरात बसून सांगायचे.

पेटीतून दाखला काढता काढता त्यांनी विचारलं, "अभ्यास तोच न्हवं?"

"न्हाई आबा, विषय बदलतीय."

"का गं? आवडंना झाला?"

"आवडतोय की. पण तिकडं गर्दी लय हाय."

दाखला त्यांच्या हातातच राहिला.

"भरतीला गेलो तवा मला ड्रायवर व्हायचं व्हतं," ते म्हणाले. "त्यांची रांग पार फाटकाच्या भाईर. कुकच्या रांगंत धा-बारा जण. म्हनलं, आत घुसल्याशी मतलब, कुटनं का हुईना. हुबा ऱ्हायलो."

"मग?"

"मग काय. सतरा वर्सं चपात्या लाटल्या. वाईट काय न्हवतं. पण गाड्या जाताना दिसायच्या."

हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. मला माझ्या रागाची लाज वाटली. त्यांनी हा विषय घे, तो घेऊ नको, असं काहीच म्हटलं नाही. दाखला दोन्हीकडे चालतो का एवढं विचारलं, आणि चालतो म्हटल्यावर हातात दिला.

वडूजच्या स्टँडवर सोडायला आले, तर माझ्या खिडकीशी न थांबता ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन उभे राहिले. गाडी सुटेपर्यंत तिथेच होते. विट्याच्या अलीकडे मी मोबाइलवर फॉर्म उघडला आणि विषयाच्या रकान्यात लाइफ सायन्स निवडलं. मैत्रिणीने मला वेड्यात काढलं.

त्या वेळीही मी नापास झाले. रडून झाल्यावर आबांना फोन केला. निकाल ऐकून त्यांनी विचारलं,

"मागल्या बारीला कितीनं ऱ्हायली व्हतीस?"

"अकरा मार्कांनी."

"आन आता?"

"चार."

"मंजी रांग सरकतीय की," ते म्हणाले. "हाईस तितंच हुबी ऱ्हा."