फाइलीतून मी काढलेल्या दोन ओळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ते माझं मलाही कळत नाही.

मिरजोळ्याला मासळीचं कोल्ड स्टोरेज आहे, तिथले कॉम्प्युटर मी सांभाळते. शिकवलं विनायकदादांनी. लांज्याहून रोज एसटीने यायचे. आमचे कॉम्प्युटर लिनक्सवर चालतात, तेही जरा निराळं — मशीनवर काय काय, कोण कोण असावं ते एकाच फाइलीत लिहायचं, हुकूम दिला की मशीन तस्संच उभं राहतं. "लिहिलंस तर आहे गो, नाही लिहिलंस तर नाही," दादा म्हणायचे. मला गंमत वाटायची.

दादा लेकीच्या लग्नाच्या सुट्टीवर होते तेव्हा एका ओळीपाशी हुकूम अडायला लागला. थंडावा कमी झाला की भोंगा वाजवणारी ती ओळ. मी तिच्यापुढे # टाकलं — मग मशीन ती ओळ वाचतच नाही. काम पुढे सरकलं. नंतर काढू म्हटलं आणि विसरले. विसरतं माणूस, नाही का? पण मी त्याबद्दल बोलतच नाहीये.

महिन्याभराने, एका रविवारी कॉम्प्रेसर बंद पडला. भोंगा वाजला नाही. सोमवारी दार उघडलं तर सगळी सुरमई सडलेली. साहेबांनी विचारलं, फाइल कोण बघतं? मी म्हटलं, दादा.

दादांनी मला बाजूला घेतलं. त्यांना कळलं होतं. हे मशीन प्रत्येक बदलाआधीची जुनी अवस्था जपून ठेवतं, सुरू होताना तारखांसकट यादी दाखवतं. मी # टाकलं त्या तारखेला दादा सुट्टीवर. "तूच दाखव साहेबांना," म्हणाले. "मी दाखवलं तर चहाडी होईल."

मी हो म्हटलं. आणि जेवणाच्या सुट्टीत — त्या जुन्या अवस्था पुसून टाकल्या. सगळ्या. एका हुकमात. आळ दादांवरच राहिला, नोकरी सुटली; त्या संध्याकाळच्या एसटीने गेले ते गेलेच.

मग फाइलीतून त्यांच्या नावाची ओळही काढली. पण नाव काढलं तरी माणसाच्या फायली तिथेच राहतात, हे मला कुठे ठाऊक? फायली कुणाच्या, त्या जागी आता नुसता आकडा दिसतो. १००१. भर दुपारी, शेजारी माणसं बोलत असताना, अंगावर काटा येतो. नाव नसलेलं कुणीतरी आत बसून आहे. त्या फायली पुसायला एक ओळ पुरते, पण हात पुढे होत नाही. भीती वाटते — कशाची? दादा तर धडधाकट आहेत. लांज्याला झेरॉक्सचं दुकान चालवतात. त्या रस्त्याने जाताना मी मान खाली घालते.

गेल्या आठवड्यात ऑफिसात नवीन बाई आल्या. त्या आकड्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हे कोण हो?

म्हटलं, होते एक. त्यांच्या चुकीने माल सडला होता.