फुगडीचं गाणं कोणाचं

गेल्या चवथीला आमच्या मालवणच्या घरी गणपतीपुढे बायकांनी फुगड्या घातल्या, त्याचा व्हिडिओ मी टाकला. दुसऱ्या दिवशी फोनवर सूचना आली: या व्हिडिओतलं गाणं दुसऱ्या कोणाच्या तरी मालकीचं आहे.

मी चक्रावलेच. हे गाणं आमच्या वाडीत मी लहानपणापासून ऐकत होते. शोधलं तर एका तरुण गायकाचं रेकॉर्डिंग सापडलं. ढोलकी, बासरी, सगळं झकास. खाली 'गीत-संगीत' म्हणून त्याचंच नाव. वाडीतल्या बायका चिडल्या. "चोर खयचो! ह्या तुझ्या आत्येचा गाणा," शेजारची काकू म्हणाली.

ते आतेचं आहे असं मीही ऐकलं होतं, पण तिला कधी विचारलं नव्हतं. तिला दिली वैभववाडीकडे, घाटाच्या पायथ्याला. मला राग कमी आणि कुतूहलच जास्त होतं. गणपती गेल्यावर मी तिच्याकडे गेले.

आते ओसरीवर कुळीथ पाखडत होती. मी तिला रेकॉर्डिंग ऐकवलं. ती हात थांबवून ऐकत राहिली.

"बरो गाता गो," ती म्हणाली.

"गाणं खरंच तुझं का?"

"मग कोणाचा? लगीन झाल्यावर पयल्या चवथीक भाऊ माका न्हेवक इलो नाय. दर्याक उधाण इलला, खाडयेची होडी बंद, म्हणान थांबलो. तेवा रडान रडान ह्या गाणा केलंय. ऐक मा,

डोंगराच्या मुळाक दिला,
दर्याचो वास येना गो.

हंय जन्मलेल्या बाईक दर्याची याद कशी येतली?"

पुरावा मला पटला. मग तीच म्हणाली, "चाल मात्र माझी नाय हां. पिंगुळीचे बाहुलेवाले देवळात खेळ करुक इलले, तेवा कानात बसली."

रेकॉर्डिंगमध्ये एक कडवं असं होतं, जे आम्ही कधीच म्हणत नव्हतो. हायवेवरून गाड्या जातात, पण भावाची गाडी काही थांबत नाही, असं. "ह्या माझा न्हय," आते म्हणाली. "पण बरा आसा."

व्हिडिओखाली गायकाचा नंबर होता. तिथूनच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तो आधी शुद्ध मराठीत, सावधपणे बोलला. "मॅडम, संगीत मी नव्यानं बसवलंय. गाणं माझ्या आईचं आहे. तिचंच नाव घालणार होतो, पण तीच म्हणाली, तुझा घाल, माझा घालून काय करतलंस?"

"आई आहेत का जवळ?"

त्याची आई कसालला हायवेलगत राहते. ती फोनवर आली. "हायवेचा कडवा माझा," ती ठामपणे म्हणाली. "बाकीचा माझ्या म्हायेरच्या मावशेचा."

"कुठल्या मावशीचं?"

"सगी न्हय, आमच्या वाडीतली. वैभववाडीकडची. दर्यावरसून लगीन होवन इलली. ल्हान चेडवां असताना आमका फुगडी तिनाच शिकवल्यान. आता खंय आसतली बिचारी? गेली आसतली."

आते फोनवर वाकली. "कोण गेली गो? मी हंयच आसंय!"

पलीकडून किंचाळणं, मग दोघींचं एकदमच बोलणं. मला काही विचारायला फट मिळेना. शेवटी दोघींनी फोनवरच गाणं म्हटलं. मधेच थांबून कुठला शब्द खरा यावर भांडल्या, आणि पुन्हा म्हटलं.

गायकानं तोडगा सुचवला. "आजी, आपण गीत पारंपरिक असं लिहूया का?"

"पारंपरिक म्हणजे काय रे?" आतेनं विचारलं.

"म्हणजे कोणी केलं ते ठाऊक नाही."

"तुका ठावक नाय. माका आसा मा!"

त्याला हसू आवरेना. त्यानं दोघींची नावं घातली, आमच्या व्हिडिओवरचा दावाही काढून टाकायला लावला.

चालीचं मात्र मला राहवेना. परतताना वाट वाकडी करून पिंगुळीला गेले आणि बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या एका आजोबांना ती ऐकवली. त्यांनी डोळे मिटून गुणगुणून पाहिलं. "आमच्यात आसा अशी चाल. पण आमी ती खयसून घेतली, ता आमच्या आज्याक इचारुक व्हया," ते म्हणाले. आजोबांचे आजोबा आता कुठे भेटणार!

आतेची एक तक्रार आहे. नावांत कसालवालीचं वर आणि तिचं खाली. "कडवा एक, आणि नाव वर!" असं ती मला दर फोनला सुनावते. तरी तिच्या सुनेनं तिच्या फोनवर तो व्हिडिओ ठेवून दिलाय, आणि घरी कोणीही आलं की आते तो लावते. गाणं सुरू झालं की लगेच थांबवते, आणि पाहुण्याला आधी व्हिडिओखालची नावं मोठ्यानं वाचायला लावते.