टेलस्टॉक कोनं सरकवला?

हसा लेकहो, पोटभर हसा! पन हे झालं त्या दिवशी मले तोंड लपवाले जागा भेटली नव्हती.

भिलाईचा कारखाना तवा उभा होऊन राहिला होता. मी मशीन शॉपात, लेथवर. पंपाचा शाफ्ट कातून काढला, दोन हात लांब. मायक्रोमीटर लावला, त एक टोक जाड, दुसरं बारीक! शाफ्ट कायचा, मुळा निघाला जी!

टूल झिजला असंन म्हनून घासून आनला. पुन्हा कट मारला. फरक तेवढाच! मंग वाकून पाह्यलं. टेलस्टॉक, म्हंजे शाफ्टाचं मोकळं टोक धरते तो ठोकळा, त्याच्या खुना एका रेषेत नव्हत्या. कोनीतरी आडवा सरकवला होता.

कोनं? त्या लेथवर मानसं दोनच. सकाळपाळीले मी, दुसऱ्या पाळीले मेश्रामदादा.

झालं! साऱ्या शॉपात बोंब ठोकली, "बुढ्यानं मशीन बिघडवली! हटवा त्याले!" पाच जनाले सांगितलं, सहावा फोरमन निघाला.

"लिखके दो," तो म्हने.

अन् मी लिहून देल्लं! सहीसुद्धा ठोकली!

दोन वाजता दादा आला. कागद वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"मी त तीन दिवस गोंदियाले होतो," तो हळूच बोलला. "पोरीचं लग्न होतं ना. आजच आलो."

"फिर दूसरी पाली किसने चलाई?" फोरमननं इचारलं.

कोन चालवनार? मीच! दादाच्या जागी तीन दिवस डबल ड्यूटी करून डोस्कं बधिर झालं होतं. कालच एक निमुळती पिन कातून काढाले टेलस्टॉक मीच सरकवला, अन् भोंगा वाजला तसा तो सीधा न करताच सायकलवर टांग मारली!

दादानं कागदाची घडी करून माह्या खिशात घातली. टेलस्टॉक सीधा केला. शिव्या देल्ल्या असत्या त बरं झालं असतं.

रविवारी सेक्टर सहाले त्याच्या क्वार्टरवर माफी मांगाले गेलो. तोंड उघडलं, अन् वहिनीनं त्यात लग्नाचा लाडूच कोंबला!

"तुमच्यामुळं ह्यायले लग्नाची सुट्टी भेटली, भाऊजी!"

दादा खाली मान घालून हसून राहिला होता. माफी लाडवासंग पोटात गेली. वरून चार लाडू बांधून घरी आनले.

बायको म्हने, "किती मान देतात जी तुमाले!"