कुंभक आणि तीस मीटर

चंद्रहास आइंडहोव्हन या डच शहरात चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करी. पण ते पोटापाण्याचं. त्याची खरी ओळख म्हणजे तिथल्या मराठी मंडळाचा रविवारचा प्राणायाम वर्ग. त्यातही कुंभक. तो श्वास असा रोखून धरी, की समोरची मंडळी डोळे किलकिले करून काळजीने त्याच्याकडे बघू लागत.

त्यामुळे 'पन्नाशीला बोनेरच्या समुद्रात तीस मीटरवरची प्रवाळभिंत बघणार,' असं त्याने वर्गात जाहीर केलं, तेव्हा कोणी शंकाही काढली नाही. सुहासिनीने, म्हणजे बायकोने, केवळ सोबत म्हणून डायव्हिंगचा कोर्स केला.

बोनेर हे कॅरिबियन बेट, पण कारभार डच. त्यामुळे विमानात अर्धा दिवस काढल्यावरही माणसाला डच स्पष्टवक्तेपणापासून सुटका नाही. त्यांची प्रशिक्षक मारायके तर त्यात मुरलेली. पहिल्याच दिवशी चंद्रहासने उथळ पाण्यात छाती भरून श्वास घेतला, सवयीने रोखला आणि फुग्यासारखा वर आला. पुन्हा खाली गेला, पुन्हा वर.

"पाण्याखाली श्वास रोखायचा नाही," मारायके म्हणाली. "फुप्फुसं फाटतील."

"वीस वर्षं मी श्वासावर काम करतोय!"

"मग आता सुट्टी घे. उद्या वर तरंगलास तर खोल डाइव्ह सुहासिनी करेल. तू बोटीत बसून सरबत पी."

सुहासिनी पाण्यात झकास स्थिर राहत होती. तोंडात नळी असली तरी तिचं बोलणं थांबत नव्हतं, म्हणून श्वासही थांबत नव्हता.

चंद्रहासचं तोंड उतरलं. वर्गाला काय सांगणार?

"उद्या उतरताना माझ्याशी भांड," संध्याकाळी सुहासिनी म्हणाली. "भांडताना तुझा श्वास कधी अडकलाय?"

दुसऱ्या दिवशी तो भांडतच उतरला. कोथरूडचा फ्लॅट, मिठाचा अंदाज, हरवलेल्या छत्र्या, सगळं नळीत बुडबुडत. दहा मीटर, वीस मीटर, तीस! समोर निळ्या अंधारात भिंत उभी होती, माणूस मावेल एवढे जांभळे स्पंज अंगावर घेऊन. मागून एक कासव आलं, त्याच्याकडे न बघताच निघून गेलं.

चंद्रहास भारावला. तक्रारी संपल्या. श्वास थांबला. आणि तो हळूहळू वर निघाला.

मारायकेने झटकन त्याच्या पायातला पोहायचा पंखा धरला. सुहासिनीने पाण्यात लिहायची पाटी काढली, घाईघाईने काहीतरी खरडलं आणि त्याच्या डोळ्यांवरच्या काचेसमोर धरलं: 'शिरीषदादा महिनाभर राहायला येतोय. तिकीट काढलं.'

चंद्रहासच्या तोंडून बुडबुड्यांचा असा लोट उठला, की आजूबाजूचे मासे पांगले. छाती रिकामी झाली आणि तो अलगद खाली, भिंतीसमोर येऊन स्थिरावला. उरलेला सगळा वेळ तो मेव्हण्याबद्दल बोलत होता, आणि भिंत डोळे भरून बघत होता.

बोटीवर चढल्या चढल्या त्याने नळी काढली. "महिनाभर?"

"पंधराच दिवस," सुहासिनी केस पिळत म्हणाली. "पण पंधरा लिहिलं असतं, तर तू एवढा खाली आला नसतास."