बालाबाक बेटावरचं मंडळ

मालाबोनचा तिबुर्स्यो सुतार त्या बैठकीला गेला तो फक्त बाकं पोहोचवायला. आनाक्लेतो मास्तरांनी मंडळ काढलं होतं. शाळा चालवायची, आजाऱ्याला बघायचं, स्पॅनिश सरकारने कुणाला पकडलं तर वकील द्यायचा. नियम वाचून झाल्यावर मास्तर म्हणाले, "तिबो, तूही ये की आमच्यात."

"नको मास्तर. मला रंधा चालवता येतो, देश नाही चालवता येत."

सगळे हसले. पाचव्या दिवशी स्पॅनिश शिपायांनी मास्तरांना उचललं. मंडळाच्या यादीत तिबोचं नाव नव्हतं, पण प्रत्येक बाकाखाली त्याची खूण डागलेली होती, म्हणून त्यालाही उचललं.

हद्दपारांची बोट सुटण्याआधी धक्क्यावर त्याची बायको पेलाहिया सुकी मासळी आणि भात घेऊन आली. "तू तर सहीसुद्धा केली नाहीस! सांग ना त्यांना!"

"सांगितलं गं. म्हणतात, बाकं द्यायला सही लागत नाही."

बालाबाक बेटावर हद्दपारांचं काम एकच, जंगल तोडायचं. दुपारपर्यंत तोडायचं आणि मग थंडीतापाने कुडकुडत पडायचं. मेलेल्याला चटईत गुंडाळून वाळूत पुरत. दोन दिवसांत घोरपडी उकरून काढत. चौथ्या महिन्यात मास्तर गेले. तिबोने अंमलदाराकडे चार फळ्या मागितल्या.

"जिवंतांना छप्पर पुरत नाही," अंमलदार म्हणाला, "आणि तुला मेलेल्यांसाठी लाकूड हवंय?"

तिबोने झोपडीचं दार उचकटलं आणि त्याची मास्तरांसाठी शवपेटी केली. त्याबद्दल वेताचे पंचवीस फटके खाल्ले. पाठीवरच्या जखमा भरून आल्यावर त्याने झोपडीतल्या अकरा जणांना जवळ बसवलं. बोलायची सवय नव्हती, तरी बोलला.

"मास्तरांचं मंडळ होतं ना, तसं आपण करू. शाळा-वकील आपल्याला जमायचं नाही. समुद्रातून वाहून आलेली एकेक फळी प्रत्येकाने आणायची. उघडा कुणी पुरला जाणार नाही. आणि प्रत्येकाचं नाव, गाव, आईचं नाव सगळ्यांनी पाठ करायचं. जो सुटेल तो सांगेल."

"आणि कुणीच नाही सुटलं तर?" बातांगासचा मेल्चोर म्हणाला.

"तर पाठांतर वाया गेलं म्हणायचं."

रोज संध्याकाळी ते नावं म्हणत. अंमलदाराला वाटे, प्रार्थना चाललीय. सहा वर्षांत तिबोने नऊ पेट्या केल्या. आठवी मेल्चोरची.

मग एके दिवशी, लढाई हरल्यावर, स्पॅनिश लोक बेट सोडून निघून गेले. तिबो सुटला, पण सरळ घरी गेला नाही; आधी मेलेल्यांची घरं शोधत, नावं सांगत फिरला. पाच घरं सापडली. चार गावं लढाईत जळाली होती, तिथे विचारावं तरी कुणाला? मेल्चोरच्या आईने त्याचं सगळं ऐकून घेतलं. "माझा मुलगा मागच्या बोटीने येतोय," ती म्हणाली. "तू चालता हो." तिने खांबांवरच्या घराची शिडी वर ओढून घेतली. तिबो अंगणात तासभर उभा राहिला, मग निघाला.

तो मेला असं समजून पेलाहियाने दोन वर्षं शोकाचे काळे कपडे घालून काढली होती. त्याला दारात बघून ती आधी दोन पावलं मागे सरली, मग रडली. ताप त्याच्या हाडांत मुरलेला होता. आणखी तीन पावसाळे तो जगला. तापात नावांची बडबड सुरू झाली की पेलाहिया त्याच्या कपाळावर ओला कपडा ठेवून ऐकत बसे. नावं आता तिलाही पाठ झाली होती.