आमच्याकडे भात थंड होतो

आमच्या रोशनीला ऐकू येत नाही हे कळलं की माणसं आमच्या अंगणात जरा हळू पाय टाकत येतात. खाटेवर बसतात, चहा घेतात आणि काहीतरी दुःखाचं ऐकायला मिळेल म्हणून माझ्या तोंडाकडे बघतात. मी मुळात कमी आणि हळू बोलणारा. शाळाही थोडीच झालेली. पण नातीचं विचारलं की माझं थांबत नाही. तणसाच्या ढिगासारखं आहे ते, खालून एक पेंडी ओढली की वरच्या आपोआप घसरतात.

* * *

रोशनीची आई वनिता, म्हणजे माझी सून. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती रडली. मग डोळे पुसले आणि पोरीला घेऊन बसनं गोंदियाला जायला लागली. तिथं एक मॅडम अशा मुलांना हातानं बोलायला शिकवतात. पोरीसोबत वनिताही शिकली. एका दुपारी आम्ही जेवत होतो, तेव्हा ती म्हणाली, "आजपासून रोशनीसमोर जे बोलाल ते हातानं बी बोला. जमत नसंल तं तिच्यासमोर बोलूच नका."

माझा पोरगा देवानंद तेव्हा गावातल्या भांडणाची गोष्ट रंगवून सांगत होता. उजवा हात वरणभातात. एक घास घ्यायचा, हात धुवायचा, एक वाक्य बोलायचं. गोष्ट संपली तेव्हा भात पार थंड झाला होता.

शेवटी तो डाव्या हातानं बोलायला शिकला. आता लग्नाच्या पंगतीतही त्याचा डावा हात हलत असतो. वाढणाऱ्याला वाटतं, हा नको म्हणून राहिला. तो पुढे निघून जातो. पोरगा लग्नातून उपाशी येतो आणि घरी येऊन थंड भात खातो.

* * *

घरात एकच माणूस ऐकेना. माझी बायको.

"हात देले का पोरगी तोंड कायले उघडंल?" ती म्हणायची. "मी नाई करत असे हातवारे. देव तिले वाचा देईल."

रोशनी आजीच्या हातानं न्हायची, आजीच्या कुशीत निजायची. माया भरपूर होती, पण बोलणं नव्हतं. वनिताला तेच लागायचं. मला म्हणायची, "मामाजी, माही पोरगी भरल्या घरात एकटी नाई राहाले पायजे. आत्याबाईसंग तिचं बोलनं झालंच पायजे. मी सोडत नाई."

दोघीही हट्टी. मी मधे खाटेवर.

* * *

बायकोनं नागऱ्याच्या महादेवाला नवस केला होता. आम्ही गेलो. तिनं रोशनीला घंटेखाली उभं केलं आणि घंटा अशी बडवली की माझ्या कानठळ्या बसल्या. बाकीची माणसं कानावर हात ठेवून बाजूला झाली. तिला वाटत होतं, एवढ्या आवाजानं पोरीचे कान उघडतील.

रोशनीनं वर बघितलं, टाचा उंचावल्या आणि हलत्या घंटेला दोन्ही तळवे लावले. आवाज बंद. पण तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू. तिनं आजीचा हात ओढला आणि घंटेला टेकवला. घंटा अजून आतून थरथरत होती.

पुजारी म्हणाले, "अरे भई, हात हटाओ, बजने दो."

बायकोनं हात काढला नाही.

मला वाटलं, झालं काम. घरी येताना विचारलं, "काय मग?" म्हणाली, "काय म्हंजे काय? पुढल्या सोमवारी अजून जाऊ."

* * *

मग रोशनीला कानाची मशीन मिळाली. त्या मशीननं फार काही ऐकू यायचं नाही, पण मॅडमनी समजावून सांगितलं होतं की जो ऐकत नाही त्यानं ही कानात घालायची.

रोशनीनं घरात नीट बघून घेतलं. ती हातानं विचारते तेव्हा आई उत्तर देते. बाबा देतो. आजोबाही देतात, उशिरा का होईना. एकच माणूस आहे, कितीही विचारा, उत्तर देत नाही.

आजी तांदूळ निवडत बसली होती. रोशनी मागून गेली आणि आपली मशीन काढून आजीच्या कानात बसवली. मग समोर येऊन बसली आणि हातानं विचारलं, "आता?"

वनिता हसली नाही. पदर तोंडाला लावून आत गेली. बायको मशीन कानात घेऊन तशीच बसून राहिली. पण हात तांदळातून काढले नाहीत.

* * *

आमच्या भागात रोवणा, म्हणजे भाताची लावणी, लागली की बायांचे हात चिखलात असतात. तोंडं मोकळी असतात, म्हणून दिवसभर गप्पा चालतात. शेताच्या कडेला धुऱ्यावर बसलेल्या रोशनीला कोण काय बोललं ते कळायचं नाही. ती हात हलवून विचारायची. वनिता दर वेळी कंबर सरळ करून उभी राहायची आणि चिखलाच्या हातांनी सांगायची.

भाताच्या बांधीचा मालक म्हणाला, "वनिताबाई, रोवणा करून राहिली का दंडारीचा नाच?"

"दोन्ही," ती म्हणाली आणि आणखी थोडं बोलून घेतलं.

हळूहळू शेजारच्या बायाही उभ्या राहायला लागल्या. रोवणा संपेपर्यंत सगळ्या रांगेला थोडंथोडं येत होतं. एक दिवस मालक माझ्याकडे तक्रार घेऊन आला. "काकाजी, तुमच्या सुनेनं बाया बिघडवल्या. कोनी काई बोलून नाई राहिलं, अन् साऱ्या माह्याकडे पाहून हासून राहिल्या!"

मी म्हटलं, "मंग तुमी बी शिकून घ्या."

तो म्हणाला, "तेच विचाराले आलो. कधी येऊ?"

* * *

हातानं बोलणाऱ्यांत प्रत्येक माणसाला खुणेचं एक नाव असतं. रोशनीनंच गावभर नावं वाटली. मालकाचं नाव म्हणजे पँट वर ओढणं. माझं, हनुवटीखाली तळवा ठेवून वाट बघत बसणं. काही माणसं नाव विचारायला मुद्दाम घरी येतात आणि रुसून जातात.

एकदा बायको चुलीकडे बघत म्हणाली, "माह्यं काय ठेवलं तिनं?"

वनितानं पोरीला विचारलं. पोरीनं सांगितलं. वनिता खाली बघून ताटं पुसायला लागली. बायको म्हणाली, "सांग ना. म्हतारी म्हनली काय?"

"नाव नाई ठेवलं, आत्याबाई. म्हनते, आजी बोलत नाई, तिले नाव कायले?"

बायको उठली आणि गोठ्यात गेली.

बराच वेळ आली नाही, म्हणून मी बघायला गेलो. ती गाईसमोर उभी होती. बोटं जुळवून तोंडाशी नेत होती, मग तळवा उताणा करत होती. जेवली काय? पुन्हा तेच. जेवली काय? गाय रवंथ करत बघत होती. मी आल्या पावली परतलो. त्या दिवशी गाईला चारा दोनदा पडला.

संध्याकाळी जेवताना आमचा भात पहिल्यांदा बायकोमुळे थंड झाला.

* * *

आता शेवटचं सांगतो.

माझी बायको झोपेत बोलते. लग्न होऊन आली तेव्हापासून. माहेरच्या माणसांशी बोलते, भांडते, कधी हसते. मला सवय आहे.

या उन्हाळ्यात एका दुपारी ती कडुनिंबाखाली खाटेवर निजली होती. मी आंब्याला पाणी घालून आलो. पाहतो तर तिचे ओठ मिटलेले होते, डोळे मिटलेले होते आणि पोटावर ठेवलेले दोन्ही हात हळूहळू हलत होते. रोशनी खाटेच्या कडेला बसून ते बघत होती. मधेच मान डोलवत होती.

मी हातानं विचारलं, "काय म्हनते?"

तिनं आजीच्या हातावरची नजर न काढता मला सांगितलं, "तुमी जा. आमी बोलून राहिलो."