थोडक्यात सर

आमच्या शाळेत माझ्या दादाला खऱ्या नावानं ओळखणारं कुणी उरलेलं नाही. मुलं त्याला ‘थोडक्यात सर’ म्हणतात, आणि मुलांचं काही चुकत नाही. “थोडक्यात सांगतो” म्हणून तो उभा राहिला, की मागच्या बाकावरची मंडळी पाय पसरून ऐसपैस बसतात. तो गणित शिकवतो, मी चित्रकला. भाऊ-बहीण एकाच शाळेत असले की काय होतं, ते मला विचारा. त्याची गाऱ्हाणी घेऊन पोरं माझ्याकडे येतात, आणि माझ्या वर्गात सांडलेल्या रंगाबद्दल तो मला घरी येऊन ऐकवतो.

दादा म्हणजे पायऱ्यांचा माणूस. उत्तर बरोबर असलं तरी मधली पायरी गाळलेली त्याला खपत नाही. एखाद्या हुशार कार्ट्यानं फळ्यावर झटक्यात उत्तर आणलं, की हा खडू खाली ठेवून विचारतो, “उत्तर छान. पण इथवर उडत आलास का?” आणि मार्क कापतो. घरी तेच. पंख्याचं बटण बिघडलंय असं वहिनीनं सांगितलं, तर कधी बिघडलं, त्याआधी कुणी दाबलं, दाबल्यावर आवाज आला का, एवढी चौकशी झाल्यावर मग वायरमनला फोन. तोवर वहिनी खिडकी उघडून मोकळी झालेली असते.

शेवटच्या वर्गाच्या निरोप समारंभात प्रत्येक शिक्षकानं मुलांना एक उपदेश करायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. व्यायामाचे सर म्हणतात, “पाठ ताठ ठेवा.” विज्ञानाच्या बाई म्हणतात, “समजल्याशिवाय मान हलवू नका.” मी म्हणते, “रंगांच्या बाटल्यांची झाकणं लावत जा,” आणि खाली बसते. मग दादा उठतो. मुख्याध्यापिका बाईंनी केवळ त्याच्यासाठी टेबलावर घंटी आणून ठेवली आहे. ती वाजली की तो समजूतदारपणे मान डोलावतो, “हो हो, थोडक्यात सांगतो,” म्हणतो आणि नव्या दमानं सुरू करतो.

भाषण दरवर्षी तेच, शब्द न् शब्द तेच. थोरल्या भावंडांचे गणवेश धाकट्यांकडे येतात, तसं हे भाषणही शाळेत खाली उतरत आलंय. समारंभात पोरं त्याच्याबरोबर ओठ हलवतात, आणि दादाला वाटतं की ती भारावली आहेत.

“मुलांनो, रेषाखंड होऊ नका. रेषाखंडाला दोन्हीकडे टोकं असतात, बिचारा तिथल्या तिथे संपतो. किरण व्हा. किरणाचा आरंभबिंदू म्हणजे तुमचं घर. पुढे त्याला शेवट नाही. दूर जा. तुम्ही जायचं म्हणालात की घरचे म्हणतील, ‘बघू’. मुलांनो, ‘बघू’ हे उत्तर नव्हे. ‘बघू’ म्हणजे गणित अर्धवट टाकून उठणं. त्यांच्यासमोर बसा आणि विचारा, हो की नाही?”

आता हे कोण सांगतंय? तर ज्या घरात जन्मला, त्याच्या पुढच्याच गल्लीत बिऱ्हाड करणारा माणूस. सहल कुठेही जावो, संध्याकाळचं जेवण आपापल्या घरी झालं पाहिजे, हा याचा हट्ट. त्यामुळे आमच्या शाळेच्या मुलांनी आजवर समुद्र पाहिला तो भर दुपारी, डोळे बारीक करून.

गेल्या वर्षी शेवटच्या वर्गात त्याची स्वतःची मुलगी होती. माझी भाची म्हणजे वहिनीचं शिलाई मशीन सुटं करून पुन्हा जोडणारी पोर. एक स्क्रू उरला होता खरा, पण मशीन आधीपेक्षा बरं चालायला लागलं. दूरच्या बंदराच्या शहरात जहाजांची इंजिनं शिकवणारी एक संस्था आहे. तिथे तिला प्रवेश मिळाला. येते की नाही, ते निरोप समारंभानंतरच्या सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

तिनं बापाला विचारलं. बापानं चष्मा पुसला आणि म्हणाला, “बघू.”

वहिनीनं विचारलं, बघू. मी विचारलं, बघू. आठवडे सरले, आणि चष्मा तेवढा लख्ख झाला.

शेवटी शिक्षकांच्या खोलीत मी त्याला गाठलं. “दादा, लोकांची पोरं तू बिनदिक्कत लांब धाडतोस. आपलीच वेळ आली की बघू?”

“तुला नाही कळायचं ते. तिथे सगळं लोखंड, तेल, यंत्रं. इथेही चांगलं कॉलेज आहे.”

“म्हणजे नाही का?”

“नाही कुठे म्हणालो? बघू म्हणालो.”

मी कपाळावर हात मारून घेतला. भाचीला म्हटलं, “तू सरळ कळवून टाक गं. नंतर येईल तो वळणावर.”

“नको, आत्या,” ती म्हणाली. “ते हो म्हणाले नाहीत तर मी जाणार नाही. भांडून गेले ना, तर तिथे माझं लक्ष लागायचं नाही.” बापासारखीच आहे, मधली पायरी गाळवत नाही.

समारंभाच्या सकाळी दादाचा घसा बसला. निदान त्याचं म्हणणं तसं होतं. हळद-मिठाच्या गुळण्या करून तो मला खुणेनंच सांगत होता, की यंदा भाषण नको. पण ट्रेमधला चहा सांडल्याबरोबर सेवकमामांवर जो काही खणखणीत आवाज निघाला, तो मुख्याध्यापिका बाईंनी थेट त्यांच्या खोलीत ऐकला. झालं! घंटी टेबलावर आली.

दादा उभा राहिला. “थोडक्यात सांगतो,” म्हणाला. हॉलभर ओठ हलायला लागले. रेषाखंड झाला, किरण झाला, आरंभबिंदू आला. मी तिसऱ्या रांगेत बसलेल्या भाचीकडे बघत होते. सगळ्या वर्गात तिचे तेवढे ओठ मिटलेले होते.

“...पुढे त्याला शेवट नाही. दूर जा,” दादा म्हणाला, थांबला, पाण्याचा घोट घेतला, आणि घाईघाईनं पुढे म्हणाला, “तर तुम्हा सर्वांना माझ्या शुभेच्छा.”

पोरांचे ओठ हवेतच राहिले. कुजबुज सुरू झाली. आणि मागच्या रांगेतून एक आवाज आला, “सर, पायरी गाळली!”

हॉलमध्ये असा काही हशा उसळला की बाईंनी सवयीनं घंटी वाजवली. दादा लाल झाला. जन्मभर ज्या गुन्ह्यासाठी पोरांचे मार्क कापले, तोच गुन्हा भरसभेत त्याच्या पदरात. त्यानं चष्मा काढला, पुसायला रुमाल शोधला, रुमाल सापडेना. चष्मा तसाच पुन्हा चढवला.

“घरचे म्हणतील...” त्यानं सुरुवात केली, आणि तिथेच अडखळला.

“बघू!” सगळा हॉल एका सुरात म्हणाला.

तेव्हा भाची उठून उभी राहिली. शाळेत ती त्याला नेहमी ‘सर’ म्हणायची. फाटकाच्या आत पाऊल पडलं की बाबा बंद, हा दोघांमधला पहिल्या दिवसापासूनचा नियम. तो तिनं कधी मोडला नव्हता, तापानं फणफणली होती तेव्हासुद्धा.

“बाबा,” ती म्हणाली, “हो की नाही?”

कशाबद्दल चाललंय ते निम्म्या पोरांना ठाऊक नव्हतं, तरी एकालाही हसू फुटलं नाही. दादानं टेबलाची कड धरली.

“थोडक्यात सांगतो,” तो म्हणाला. “हो.”

आणि तो खाली बसला. बाईंचा हात घंटीवर तसाच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा दादा खरंच थोडक्यात बोलला होता, त्यामुळे टाळ्या कधी वाजवायच्या हेच कुणाला कळेना. मग एकदम कडकडाट झाला.

त्या गोंगाटात तो माझ्या कानाशी वाकला. “फार लांब आहे गं ते,” म्हणाला.

लहानपणापासून याला चिडवण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, पण त्या वेळी मी नुसता त्याचा हात धरला. हाताला खडू लागलेला होता. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

यंदाचं भाषण पुन्हा पूर्ण लांबीचं झालं. घंटी वाजली, दुर्लक्षित झाली, पोरांनी ‘हो की नाही’पर्यंत बरोबरीनं ओठ हलवले आणि टाळ्यांसाठी हात वर केले. पण दादा अजून उभाच होता.

“आणि मुलांनो, पोहोचलात की घरी कळवा,” तो म्हणाला. “कुणीतरी जेवायचं थांबलेलं असतं.”

हे वाक्य कुणालाच पाठ नव्हतं. ते त्याला एकट्यालाच म्हणावं लागलं.